मार्कडाउन

मार्कडाउन ही साध्या मजकुराला मांडणी देण्यासाठी वापरली जाणारी एक सुटसुटीत चिन्हांकन भाषा आहे. मथळा, ठळक शब्द, यादी, अवतरण, दुवा इत्यादी घटक दाखवण्यासाठी या भाषेत तारा, हॅश, हायफन यांसारखी कळफलकावरील नेहमीची चिन्हे वापरतात. अमेरिकी लेखक जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या खुणांची रचना ठरवताना ॲरन स्वार्ट्झ यांच्या सूचनांचा मोठा उपयोग झाला. मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या मजकुराचे रूपांतर आज्ञावलीच्या साहाय्याने एचटीएमएलमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या भाषेत, करता येते. मात्र असे रूपांतर केले नाही तरी मूळ मजकूर माणसाला सहज वाचता यावा, हे या भाषेचे मुख्य उद्दिष्ट आहे.

- रचनाकार: जॉन ग्रुबर
- प्रथम प्रसिद्धी: मार्च २००४
- मूळ रूपांतरक: पर्ल भाषेतील आज्ञावली
- फाइलनावाचा शेवट: बहुधा ‘.एमडी’ किंवा ‘.मार्कडाउन’ (प्रत्यक्षात रोमन लिपीत)
- परवाना: बीएसडी धर्तीचा मुक्त परवाना

## नाव आणि संकल्पना

छपाईच्या व्यवसायात हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी खुणा करण्याची पद्धत जुनी आहे. कोणता मजकूर ठळक घ्यावा, कोठे नवा परिच्छेद सुरू करावा, मथळा कोणत्या आकारात असावा, हे संपादक समासात लिहून देत असे. संगणकाच्या जगात या खुणांना ‘मार्कअप’ असे नाव मिळाले. एचटीएमएल ही अशीच एक चिन्हांकन भाषा आहे. तिच्यात बहुतेक घटकांच्या आधी व नंतर कोनी कंसातील खूण लिहावी लागते. मोठ्या लेखात या खुणांची इतकी दाटी होते की मूळ वाक्य शोधून काढावे लागते. ग्रुबर यांनी ‘अप’च्या जागी ‘डाउन’ हा शब्द योजून खुणांचे हे ओझे कमी करण्याचा आपला हेतू नावातूनच सूचित केला.

‘साधा मजकूर’ म्हणजे ज्या फाइलमध्ये केवळ अक्षरे, अंक व चिन्हे साठवलेली असतात आणि टंक, रंग किंवा आकार यांची माहिती नसते असा मजकूर. तो कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मजकूर-संपादकात उघडतो. त्याचा हा सार्वत्रिकपणा कायम ठेवून त्याला मांडणीची सोय मिळवून देणे, हे मार्कडाउनचे कार्य होय.

## पूर्वपीठिका

मार्कडाउनमधील बहुतेक खुणा ग्रुबर यांनी नव्याने शोधलेल्या नाहीत. ई-मेल व युजनेटच्या काळात पडद्यावर केवळ साधी अक्षरे दिसत असत. त्या काळी लोकांनी आपापसांत काही संकेत रूढ केले होते. शब्दावर जोर द्यायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तारा लिहीत, दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना ओळीच्या आरंभी ‘>’ हे चिन्ह देत, मथळ्याखाली हायफनांची ओळ ओढीत. मार्कडाउनने याच लोकव्यवहाराला नियमांची चौकट दिली.

तत्पूर्वी अशा काही भाषाही अस्तित्वात होत्या. सेटेक्स्ट या भाषेत मथळ्याखाली रेघ ओढण्याची पद्धत होती. डीन ॲलन यांची टेक्स्टाइल आणि ॲरन स्वार्ट्झ यांची एटीएक्स या दोन्ही भाषा २००२ मधील होत. एटीएक्समध्ये मथळ्यापूर्वी हॅश चिन्ह लिहीत असत. मार्कडाउनने मथळ्यांच्या या दोन्ही पद्धती स्वीकारल्या. त्यामुळे त्यांना आजही ‘सेटेक्स्ट मथळा’ व ‘एटीएक्स मथळा’ अशीच नावे आहेत.

## इतिहास

मार्च २००४ मध्ये ग्रुबर यांनी आपल्या ‘डेअरिंग फायरबॉल’ या संकेतस्थळावर मार्कडाउनची घोषणा केली. सोबत पर्ल भाषेत लिहिलेली रूपांतरक आज्ञावली आणि खुणांचे वर्णन करणारा लेखही दिला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये १.०.१ ही आवृत्ती आली. ग्रुबर यांनी त्यानंतर मूळ भाषेत फारशी भर घातली नाही.

भाषेचा विस्तार इतरांनी केला. मिशेल फोर्टिन यांच्या ‘मार्कडाउन एक्स्ट्रा’ने तक्ते व तळटीपा यांची सोय दिली. फ्लेचर पेनी यांच्या ‘मल्टीमार्कडाउन’ने दीर्घ व अभ्यासपूर्ण लेखनाच्या गरजा विचारात घेतल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये ‘पॅनडॉक’ हे रूपांतर-साधन प्रसिद्ध केले. एकाच मार्कडाउन फाइलीतून वर्ड दस्तऐवज, ई-पुस्तक आणि लाटेक् असे अनेक प्रकार त्याद्वारे तयार होऊ लागले. रेडिट, स्टॅक ओव्हरफ्लो व गिटहब या संकेतस्थळांनी मार्कडाउन स्वीकारल्यावर ते प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरात आले. मार्च २०१६ मध्ये इंटरनेटवरील मजकूर-प्रकारांच्या यादीत मार्कडाउनची अधिकृत नोंद झाली.

## मुख्य खुणा

| घटक | लिहिण्याची रीत |
|---|---|
| पहिल्या स्तराचा मथळा | `# मथळा` |
| दुसऱ्या स्तराचा मथळा | `## मथळा` |
| तिरपा (सौम्य जोर) | `*शब्द*` |
| ठळक (अधिक जोर) | `**शब्द**` |
| साधी यादी | `- वस्तू` |
| क्रमांकित यादी | `1. वस्तू` |
| अवतरण | `> उद्धृत मजकूर` |
| दुवा | `[दिसणारे शब्द](पत्ता)` |
| चित्र | `![चित्राचे वर्णन](पत्ता)` |
| आडवी रेघ | `---` |

मथळ्याचे एकूण सहा स्तर असतात आणि हॅशच्या संख्येवरून स्तर ठरतो. दोन परिच्छेदांच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडावी लागते. संगणकाच्या आज्ञा जशाच्या तशा दाखवायच्या असतील, तर त्या उलट्या अवतरणचिन्हांच्या जोडीत लिहितात. एखादे चिन्ह खूण म्हणून न घेता केवळ चिन्ह म्हणूनच दिसावे अशी इच्छा असल्यास त्यापूर्वी उलटी तिरकी रेघ (`\`) देतात. उदाहरणार्थ, `\*` लिहिल्यास पडद्यावर केवळ तारा दिसतो.

पुढील नमुन्यात शाळेच्या सूचनाफलकासाठी लिहिलेला मजकूर मूळ रूपात दिला आहे.

```
# पावसाळी सहल

सहलीला निघताना **ओळखपत्र** सोबत असावे.

## सोबत आणायच्या वस्तू

- छत्री
- पाण्याची बाटली
- जेवणाचा डबा

> बस सकाळी ठरलेल्या वेळीच सुटेल.
```

रूपांतर न करताही या मजकुरातील मथळा कोणता, यादी कोणती आणि महत्त्वाचा शब्द कोणता हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. मार्कडाउनचे वैशिष्ट्य नेमके येथे दिसते.

## प्रकारभेद आणि प्रमाणीकरणाचा वाद

ग्रुबर यांचे मूळ वर्णन सुबोध होते, पण काटेकोर नव्हते. यादीच्या आत दुसरी यादी लिहिताना ओळ नेमकी किती सरकवावी, अवतरणाच्या आत मथळा आल्यास काय करावे, ताऱ्यांच्या जोड्या एकमेकींत अडकल्या तर कोणती जोडी आधी धरावी, अशा प्रश्नांची स्पष्ट उत्तरे त्यात नव्हती. परिणामी निरनिराळ्या आज्ञावलींनी निरनिराळे अर्थ लावले. एकच फाइल एका संकेतस्थळावर नीट दिसे आणि दुसऱ्यावर विस्कटे.

२०१२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचे सहसंस्थापक जेफ ॲटवूड यांनी प्रमाणीकरणाचे आवाहन केले. मॅकफार्लेन यांच्यासह गिटहब, रेडिट आदी ठिकाणच्या तंत्रज्ञांनी मिळून तपशीलवार नियमावली तयार केली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ती ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ या नावाने जाहीर केली. ग्रुबर यांनी या नावाला हरकत घेतली. मार्कडाउन हे नाव परवानगीशिवाय त्यावरून तयार केलेल्या उत्पादनांच्या प्रसारासाठी वापरू नये, अशी अट मूळ परवान्यातच होती. निरनिराळ्या संकेतस्थळांच्या गरजा निरनिराळ्या असल्याने एकच नियमावली सर्वांना पुरी पडणार नाही, असेही त्यांचे मत होते. अखेर प्रकल्पाचे नाव बदलून ‘कॉमनमार्क’ असे ठेवण्यात आले.

या वादात दोन्ही बाजूंना काही आधार होता. नियम सैल होते म्हणूनच कोणालाही आपल्या गरजेप्रमाणे भर घालता आली आणि भाषा वेगाने पसरली. पण त्याच सैलपणामुळे लेखकाला आपला मजकूर सर्वत्र सारखा दिसेल याची खात्री उरली नाही. कॉमनमार्कच्या नियमावलीत सहाशेहून अधिक उदाहरणे असून प्रत्येकाचे अपेक्षित रूपांतर सोबत दिले आहे. २०१७ मध्ये गिटहबने आपल्या बोलीची नियमावली कॉमनमार्कच्या पायावर प्रसिद्ध केली आणि तीत तक्ते, खोडलेला मजकूर व कामांची यादी यांची भर घातली. ही बोली ‘गिटहब फ्लेवर्ड मार्कडाउन’ या नावाने ओळखली जाते.

## मराठी मजकूर आणि मार्कडाउन

मार्कडाउनच्या खुणा भाषानिरपेक्ष आहेत. युनिकोडमध्ये टंकलेखन केलेल्या देवनागरी मजकुरावर त्या जशाच्या तशा चालतात. तथापि मराठीचे व्याकरण, देवनागरी अंक आणि कळफलक यांमुळे काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

### प्रत्यय

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. त्यामुळे शब्दाचा काही भाग ठळक आणि उरलेला साधा असा प्रसंग वारंवार येतो. तिरप्या व ठळक अक्षरांसाठी तारा आणि अधोरेषा (`_`) ही दोन्ही चिन्हे चालतात, पण शब्दाच्या मध्यभागी त्यांचे नियम वेगळे आहेत. `**पुणे**करांना` असे लिहिल्यास ‘पुणे’ एवढाच भाग ठळक होतो. `__पुणे__करांना` असे लिहिल्यास मात्र कॉमनमार्कनुसार काहीच ठळक होत नाही आणि अधोरेषा तशाच दिसतात. म्हणून मराठीत लिहिताना ताऱ्याचाच वापर करणे सोयीचे ठरते.

अवतरणचिन्हे आल्यास आणखी एक अडचण संभवते. `**‘मराठी विश्वकोशा’**त` या लेखनात शेवटच्या ताऱ्यांपूर्वी अवतरणचिन्ह आहे आणि लगेच नंतर ‘त’ हा प्रत्यय आहे. विरामचिन्हानंतर आलेल्या ताऱ्यांच्या पुढे मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह नसेल, तर ते खुणेचा शेवट मानले जात नाहीत. त्यामुळे येथे तारे पडद्यावर तसेच उमटतात. अवतरणचिन्हे ताऱ्यांच्या बाहेर घेऊन `‘**मराठी विश्वकोशा**’त` असे लिहिले की मांडणी अपेक्षेप्रमाणे होते.

### अंक

क्रमांकित यादीसाठी कॉमनमार्क केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखते. ओळीच्या आरंभी `१.` लिहिल्यास ती यादी न मानता साधा परिच्छेद मानला जातो आणि लागोपाठच्या ओळी एकमेकींना चिकटून येतात. देवनागरी अंकांतील यादी हवी असल्यास प्रत्येक मुद्द्यानंतर रिकामी ओळ सोडणे हा सोपा उपाय आहे. मजकूर आंतरराष्ट्रीय अंकांत लिहून पानाच्या शैलीतून देवनागरी क्रमांक दाखवण्याची सोयही ब्राउझरमध्ये असते.

### कविता आणि संवाद

मार्कडाउनमध्ये एकदाच एंटर दाबल्याने नवी ओळ होत नाही. पुढची ओळ आधीच्या ओळीला जोडली जाते. गद्यासाठी हे ठीक आहे, पण ओवी, अभंग किंवा कविता लिहिताना सर्व चरण एका ओळीत येतात. चरणाच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्यास किंवा, कॉमनमार्कमध्ये, उलटी तिरकी रेघ दिल्यास ओळ तुटते. शेवटच्या मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तिरकी रेघ अधिक विश्वासार्ह ठरते.

कवितेखाली हायफन देऊन कवीचे नाव लिहिण्याची, तसेच संवादाचा आरंभ हायफनने करण्याची मराठीत पद्धत आहे. अशा ओळी यादीतील मुद्दे समजल्या जाऊ शकतात. हायफनापूर्वी उलटी तिरकी रेघ दिल्यास हे टळते. मजकुराच्या लगेच खाली केवळ हायफनांची ओळ लिहिल्यास वरचा मजकूर मथळा बनतो. आडवी रेघच हवी असेल तर मध्ये रिकामी ओळ सोडावी लागते.

### कळफलक आणि टंक

इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी मांडणीतील हॅशच्या जागी रकार, ताऱ्याच्या जागी ‘श्र’ आणि चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ येतो. त्यामुळे खुणा लिहिण्यासाठी वारंवार इंग्रजी मांडणीकडे वळावे लागते. हायफन मात्र दोन्ही मांडण्यांत उपलब्ध असतो. त्यामुळे यादीसाठी हायफन आणि दुसऱ्या स्तराच्या मथळ्यासाठी खाली हायफनांची ओळ ही रीत इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना सोयीची आहे.

बहुतेक देवनागरी टंकांत स्वतंत्र तिरपी अक्षरे नसतात. ब्राउझर सरळ अक्षरांनाच यांत्रिकपणे कलते करतो आणि ती वाचायला जड जातात. मराठीत जोर दाखवण्यासाठी ठळक अक्षरे किंवा अवतरणचिन्हे वापरणे अधिक उचित होय.

## इतर पद्धतींशी तुलना

विकिपीडियाचे लेख मार्कडाउनमध्ये लिहिले जात नाहीत. तेथील विकिमजकुरात ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन एकेरी अवतरणचिन्हे, मथळ्यासाठी बरोबरची चिन्हे आणि अंतर्गत दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस वापरतात. हॅश चिन्हाचा अर्थ दोन्हींत भिन्न आहे. ओळीच्या आरंभीचा हॅश मार्कडाउनमध्ये मथळा दर्शवतो, तर विकिमजकुरात क्रमांकित यादी दर्शवतो.

व्हॉट्सॲपवरील खुणा मार्कडाउनसारख्या भासतात, पण तंतोतंत तशा नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये एकेरी ताऱ्यांनी शब्द ठळक होतो. मार्कडाउनमध्ये तोच शब्द तिरपा होतो आणि ठळक अक्षरांसाठी दुहेरी तारे लागतात. व्हॉट्सॲपची सवय असलेल्या नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

## शिकण्याचा क्रम

मार्कडाउन शिकण्यासाठी प्रोग्रामिंगचे ज्ञान आवश्यक नसते. साधा मजकूर-संपादक आणि रूपांतरित मजकूर शेजारी दाखवणारे एखादे साधन पुरेसे असते. प्रथम परिच्छेद व मथळे, नंतर जोर आणि याद्या, त्यानंतर अवतरणे व दुवे हा क्रम सोपा पडतो. लेखनाची विभागणी कशी करावी हे मथळ्यांवरून आधी ठरते, म्हणून ते प्रथम शिकणे हिताचे असते. तक्ते आणि तळटीपा मूळ भाषेत नाहीत. त्या वापरण्यापूर्वी आपण वापरत असलेली बोली त्यांना मान्यता देते की नाही, हे पाहावे लागते. देवनागरी अक्षरांची रुंदी कमी-अधिक असल्याने तक्त्यातील उभ्या रेघा मूळ मजकुरात एकाखाली एक येत नाहीत. त्याने रूपांतरात बाधा येत नाही, त्यामुळे त्या जुळवण्यात वेळ घालवण्याचे कारण नसते.

## उपयोग आणि मर्यादा

सॉफ्टवेअर प्रकल्पांची माहितीपत्रे, तांत्रिक दस्तऐवज, टिपणवह्या, संकेतस्थळांवरील लेख आणि पुस्तकांची हस्तलिखिते यांसाठी मार्कडाउन वापरले जाते. संशोधनक्षेत्रात ज्युपिटर नोटबुक व आर मार्कडाउन यांत विवेचन आणि गणिते एकत्र ठेवता येतात. संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही आपली उत्तरे बहुधा मार्कडाउनमध्ये रचतात.

पानाची नेमकी रचना, स्तंभ, समास, टंकाचा आकार व रंग यांवर मार्कडाउनमधून नियंत्रण ठेवता येत नाही. लग्नपत्रिका, जाहिरात किंवा नियतकालिकाचे पान यांसाठी ती भाषा योग्य नव्हे. गुंतागुंतीचे तक्ते लिहिणे तीत जिकिरीचे होते. पॅनडॉकमधून लाटेक्‌मार्गे मराठी पीडीएफ तयार करताना युनिकोड जाणणारे झीटेक् किंवा लुआटेक् हे यंत्र आणि देवनागरी टंक स्वतंत्रपणे निवडावा लागतो.

## महत्त्व

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठीतील बरेचसे संगणकीय अक्षरजुळणीचे काम विशिष्ट टंकांवर अवलंबून होते. अशा फाइलींत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात इतर संकेत साठवलेले असत आणि तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. छापील प्रत हाती असूनही तिची संगणकीय फाइल निरुपयोगी ठरण्याचे हे एक मोठे कारण होते. मजकूर एखाद्या सॉफ्टवेअरच्या किंवा टंकाच्या स्वाधीन केला की त्याचे आयुष्यही त्याच्याशी बांधले जाते, हा त्यातील बोध होय.

युनिकोडमधील साधा मजकूर आणि मार्कडाउनच्या मोजक्या खुणा यांच्या संयोगाने हा धोका बराच कमी होतो. पुढे एखादा रूपांतरक उपलब्ध राहिला नाही, तरी फाइलमधील शब्द वाचता येतील आणि मथळा व यादी ओळखू येतील. जिल्हा पातळीवरील ग्रंथालये, शाळा, बोलींचे शब्दसंग्रह करणारे अभ्यासक अशा मर्यादित साधनांच्या लेखकांसाठी हा गुण विशेष मोलाचा आहे.

## हे सुद्धा पाहा

- एचटीएमएल
- युनिकोड
- देवनागरी लिपी
- इनस्क्रिप्ट कळफलक
- विकिमजकूर
- लाटेक्
- ॲरन स्वार्ट्झ